उपस्थिती प्रार्थनीय

मु. डोंगरटोला, ता. सिंदेवाही
श्रावण वद्य द्वितीया, शके १९२३
(तुझ्यासाठी : ऑगस्ट २००१)

प्रिय घनश्याम,

तुझे पत्र पोचले. मजकूर सहा ओळींचा आणि वर मायना ‘सा. न. वि. वि.’, यावर माझी गंभीर हरकत आहे. साष्टांग नमस्कारात आठ अंगे भूमीला टेकवावी लागतात. वरोऱ्याला बदली झाल्यापासून तुझ्या मध्यप्रदेशाचा जो विस्तार झाला आहे तो पाहता, तू पालथा पडलास तर तेवढा एकच प्रांत टेकेल आणि आठही अंगे अधांतरी राहतील. पाठशाळेत शास्त्रीबुवांनी आपल्याला असत्य लिहायला शिकवले नव्हते. यापुढे नुसता ‘नमस्कार’ लिहीत जा. तो बसून करता येतो.

आता बातमी. येत्या रविवारी आमच्या ग्रामशिक्षण समितीची बैठक आहे आणि विषय एकच: चौथीचा वर्ग माझ्याकडे ठेवायचा, की माझ्याकडून काढून मिथुनला द्यायचा. मिथुन म्हणजे शाळेतला दुसरा मास्तर. शाळेत आम्ही दोघेच. पोरगा हुशार आहे, फक्त मिशी ठेवायची की काढायची हे त्याचे अजून ठरत नाही. म्हणजे मी मुख्याध्यापक, माझ्याच ओसरीवर माझ्याच वर्गाचा निकाल लागणार आणि चहा तुझ्या वहिनीच्या, इंदिरेच्या, चुलीवर होणार. कागदोपत्री समितीला असा निर्णय घेता येत नाही, हे मला माहीत आहे. तिने घेतला तर मी तो मानीन, हे समितीला माहीत आहे.

दोष कुणाला देऊ? ही समिती मीच वाढवली. तिची पहिली बैठक तुला सांगितली नाही, कारण तू ती वरोराभर केली असतीस. मी सूचनाफलकावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘सर्व पालकांची उपस्थिती प्रार्थनीय.’ कोतवालाने ते घरोघरी सांगितले. ठरल्या वेळी तलावात मासे धरणारी सगळी ढिवर मंडळी आंघोळी करून, नारळ आणि उदबत्त्या घेऊन आली. बायांनी ओसरी सारवून घेतली आणि देव कुठे मांडला आहे ते विचारू लागल्या. बौद्ध मोहल्ल्यातून मात्र एकही माणूस आला नाही. संध्याकाळी मी तिथल्या हेमराजभाऊंच्या दारात गेलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, पूजेले आमी कायले येऊ? शाळेचं काई बोलाचं असन तं तसं सांगा, आत्ता येतो.” व्याकरणाच्या माझ्या इतक्या वर्षांच्या अध्ययनाने अर्धे गाव शाळेबाहेर ठेवले होते. नारळ आम्ही नंतर सगळ्यांनी मिळून खाल्ले, आणि खाता खाता हेमराजभाऊ अध्यक्ष झाले.

तेव्हापासून सूचना लिहीत नाही. दारोदार जाऊन सांगतो आणि दारोदार ऐकून येतो. भाताच्या रोवणीच्या दिवसांत मोठ्या पोरी धाकट्यांना सांभाळायला घरी राहत, तर समितीने ठरवले की धाकट्यांनाही आणा, ओसरीवर लोळू द्या. मुलींच्या संडासाचे दार रस्त्याकडे होते, ते बायांनी गवंड्याला उभे करून तलावाकडे फिरवून घेतले. आणि शेताला तलावाचे पाणी पाळीने मिळते, तशी शाळेलाही पाळी लावली. रोज एक आई वर्गाच्या दाराशी बसते. तांदूळ निवडते, जाळे विणते आणि आमच्यावर लक्ष ठेवते. मिथुनला पहिल्यांदा घाम फुटला होता. मला मौज वाटे. अधिकारी वर्षातून एकदा येतो आणि हजेरीपट पाहतो. या बाया रोज येतात आणि मास्तर पाहतात.

नागपंचमीची सुटी संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी रुखमाची होती. मी फळ्याकडे तोंड करून गुणाकार मांडत होतो. मागच्या टाटपट्टीवरून नीलाबाईची रिंकू म्हणाली, “गुरुजी, साप.” मी म्हणालो, “साफच पाहिजे. बसा खाली.” तिने पुन्हा सांगितले, मी पुन्हा स्वच्छतेची स्तुती केली आणि हातचा घेतला. वळून पाहतो तर पोरे भिंतीला चिकटलेली आणि रुखमा काठीवर एक भलामोठा दिवड घेऊन दाराबाहेर निघालेली. दिवड बिनविषारी, ढिवरांच्या जाळ्यात नेहमीचा पाहुणा. मी हसलो. ती हसली नाही. “दिवड होता मनून बरं, गुरुजी. मन्यार असता तं? पोट्टी बोंबलून राह्यली अन् तुमी तिले बसा मनता. काऊन ऐकू नाई आलं?” वर्गात गलका होता, असे मी सांगितले. ती म्हणाली, “गलका कुठी होता? पोट्टे तं भेवानं चूप होते.”

शाळा सुटल्यावर घरी इंदिरेला विचारले. ती म्हणाली की वर्षभर ती माझ्याशी ओरडूनच बोलते आहे. तिचा स्वभाव तापट होत चालला, असे माझे निदान होते आणि मी ते मोठ्या मनाने सोसत होतो.

काल हेमराजभाऊ येऊन गेले. अगदी जवळ, पुढ्यात बसले. “आमी तुमाले काढून नाई राह्यलो, गुरुजी. चौथीचे लांब बसतात. पयलीचे तं तुमचा हात धरूनच बोलतात, ते तुमाले ऐकू येते. पाया तुमीच घाला.” घनश्याम, इतका नेमका विचार आपल्या शास्त्रीबुवांनीही आपल्याबद्दल कधी केला नसेल. मी पहिली आनंदाने घेईन. मिथुन चौथी माझ्याइतकी नीट शिकवील, थोडी जास्तच. शाळा आता कुणा एका मास्तरावर उभी नाही, आणि याचा मला खरोखर अभिमान आहे. मग पत्र कशाला, असे तू म्हणशील.

सापानंतर दोन-तीन दिवसांनी नीलाबाई ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. पदर तोंडाशी धरून हळू आवाजात बराच वेळ बोलली. ओठ दिसत नव्हते. रिंकूचे नाव तेवढे कळले. ‘मोठ्याने बोल’ म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी मान हलवली. ती पाया पडून गेली. त्यानंतर रिंकू शाळेत आलेली नाही आणि घराला कुलूप आहे. शेजारी सांगतात, मायलेकी राजुऱ्याला मामाकडे गेल्या. चार दिवसांसाठी की कायमच्या, ते कुणालाच ठाऊक नाही. सगळे म्हणतात, नीलाबाई गुरुजींना विचारूनच गेली. मी कशाला होकार दिला, ते मला माहीत नाही. हे मी रविवारी समितीपुढे सांगणार आहे. तू शनिवारच्या एस.टी.ने ये आणि बैठकीत माझ्या डाव्या बाजूला बस. तो कान थोडा बरा आहे. कोण काय म्हणते ते मला सांग. सोमवारी आपण राजुऱ्याला जाऊ, मग नागपूरला डॉक्टरकडे. चौथी जाण्याचे मला दुःख नाही. मला भीती दुसरीच आहे. इथल्या बाया खरी गोष्ट नेहमी हळूच सांगतात. ओरडून सांगावी लागली, तर त्या सांगणारच नाहीत.

तुझाच
रामाजी