तिसरा राहूनही

प्रिय ऑगी,

पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत तू चाचण्यांमध्ये तिसरा आहेस, तरी माघार घेत नाहीस, म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तू मासे वाढत होतास, तेव्हा दोन्ही मोठ्या पक्षांबाहेरच्या तिसऱ्या पक्षाचा डॉर्सी तुझ्या कानाशी लागलेला मी पाहिला.

"काय शिजतंय?" मी विचारलं.

"मासे," तू म्हणालास. "खा मार्सी, गार होतायत."

दुसऱ्याच दिवशी मी आपल्या पक्षाच्या अध्यक्षीणबाईंना फोन करून सांगितलं, की ऑगी पक्ष फोडणार. तुझे कार्यकर्ते एकेक करून का गळले, ते तुला अजून कळलेलं नाही.

आज डॉर्सी माझ्या दारात आला, वैतागलेला. "भावाला समजवा, बाई. प्राथमिक हरला की नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मतपत्रिकेवर त्याचं नाव कुठल्याच पक्षाकडून येत नाही, कायदाच आहे. आधीच माघार घेऊन आमच्याकडे ये, म्हणून महिनाभर विनवतोय. तर म्हणतो, 'म्हणूनच हरेपर्यंत थांबणार. म्हणजे तुम्ही पुन्हा विचारायला नको, आणि आमच्या पक्षाची मतं फुटायला नकोत.'"

नन्सच्या शाळेत असताना फादरपुढे कबुलीजबाबाला मी तुझीच पापं आधी सांगायचे. तू बाहेर पायरीवर माझी वाट बघत बसायचास.

तरी वाटतं, मला का नाही सांगितलंस? मग वाटतं, सांगितलं असतंस, तरी मी विश्वास ठेवला असता का?

उद्या मत तुलाच देणार आहे. ते तुला खरं वाटणार नाही, म्हणून हे पत्रही पेटीत टाकत नाही.

तुझीच,
मार्सेला