पहिला घास समोर

४ फेब्रुवारी

तिघांचा आवाज एकटीनं करत बाई जिना चढल्या. दार लोटलेलंच होतं. "दादा, जिवंत आहात ना? असाल तर जेवायला बसा!"

आजाऱ्यांना घरपोच डबा देणाऱ्या स्वयंपाकघरातून आल्या होत्या. इस्पितळानंच माझं नाव कळवलं म्हणे. छाती उघडून शिवलेला माणूस, एकटा, तिसरा मजला — स्वयंपाक कोण करणार?

म्हटलं, ठेवा, खाईन मागाहून. तर स्टुलावर ठाणच मांडलं! पहिला घास समोर खाल्ला पाहिजे, त्याशिवाय उठायचं नाही — त्यांच्याकडचा नियम. एकटी माणसं डबा घेतात आणि तसाच झाकून ठेवतात म्हणे.

हिला कसं कळलं? कालपासून मी बिस्किटांवर आहे.

हात जोडले. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलेली चार ओळींची प्रार्थना म्हटली. घास घेतला. अळणी! बाई उठल्या. "तोंड वाकडं केलंत तरी चालेल. गिळलंत ना!"

५ फेब्रुवारी

आजपासून त्यांचं नाव फौजदारीणबाई. तोंडावर म्हणायची छाती नाही. जी आहे ती शिवलेली.

९ फेब्रुवारी

बाईंनी विचारलं, "शिंपी ना तुम्ही? मग डॉक्टरांचं काम कसं वाटलं?"

म्हटलं, टाके सारखे आहेत, पण काज-बटणं लावायला हवी होती. पुढच्या वेळी पुन्हा उसवावं लागेल.

इतक्या हसल्या की मलाही आवरेना. छातीशी उशी धरून हसलो.

मग मी विचारलं, तुम्ही नाही का जेवणाआधी हात जोडत? "माझं आणि देवाचं सध्या बोलणं बंद आहे." कालचा रिकामा डबा पिशवीत टाकताना आवाज जरा जास्तच झाला.

१५ फेब्रुवारी

इथं वाचणारं कोण आहे, म्हणून लिहितो. माझे डोळे मिटलेले असेपर्यंत बाई उठत नाहीत. त्या कामात फौजदारसुद्धा मध्ये बोलत नाही. त्यामुळे प्रार्थनेचं माप वाढत चाललंय. आधी गावाकडच्या घरच्यांसाठी, मग शेजाऱ्यांसाठी, मग दुकानातल्या शिलाई मशीनसाठी. आज मागण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा जिन्याच्या कठड्यासाठी मागितलं. मधूनच स्टूल करकरतं. म्हणजे आहेत अजून.

शेवटी न राहवून म्हणाल्याच — "दादा, देव जेवून, हात धुऊन आडवा झाला असेल. आता तरी तोंड उघडा!"

१७ फेब्रुवारी

भात पूर्ण संपवला. त्या गेल्यावरसुद्धा!

२० फेब्रुवारी

आज बाई हसल्या नाहीत.

माझ्यानंतर त्या मागच्या गल्लीतल्या एका आजोबांकडे जातात. आजोबांना साखरेचा आजार. वेळ झाली की इन्सुलिनची सुई टोचून घेतात आणि डब्याची वाट बघत बसतात. काल डबा उशिरा पोचला, पोटात काही नाही, साखर एकदम उतरली. आजोबा पलंगावरून खाली पडलेले, घामानं भिजलेले, बोलता येईना. बाईंनी तोंडात साखर घातली, डोकं मांडीवर धरून बसल्या. डॉक्टर आले. वाचले.

"उशीर कशानं झाला?" मी विचारलं.

"होतो एखाद्या दिवशी," म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

चार ओळींचीच प्रार्थना म्हटली. तीही पळवत. बाई लगेच उठल्या. भाजी कसली होती, आठवत नाही.

काल मी कठड्यावरून जिन्यावरच्या दिव्यापर्यंत पोचलो होतो. दिव्यासाठी प्रार्थना! आणि तिकडे एक म्हातारा जमिनीवर.

२१ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात फोन केला. म्हटलं, माझा डबा सगळ्यांच्या शेवटी ठेवा. पलीकडच्या ताई म्हणाल्या, "अहो, गार होईल." होऊ दे म्हटलं. "पण का?" खरं सांगायची लाज वाटली. म्हटलं, मला भूकच उशिरा लागते.

देवा, एवढं खोटं पोटात घाल.

२३ फेब्रुवारी

बाई आल्या. भात गार, भाजी गार.

"भूक उशिरा लागते म्हणे! काय बाई एकेक सोंगं!" पण आवाज पहिल्यासारखा तीन माणसांचा. आजोबा बरे आहेत. डबा वेळेवर येतो, त्यामुळे भांडायला निमित्त मिळत नाही म्हणून चिडलेत.

मग पदरानं घाम टिपून स्टुलावर टेकल्या. "आता पुढं कुणी नाही. करा काय लांबण लावायची ती!"

मी चार ओळींत आटपलं. घास खाल्ला. बाई उठल्या नाहीत. डबा संपेपर्यंत बसल्या. आजोबांच्या तक्रारी सांगत होत्या. घरी कोण वाट बघतं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी

प्रार्थना संपली, डोळे उघडले, घास उचलला. समोर बघतो तर बाईंचे डोळे मिटलेले. हात मांडीवर जोडलेले. ओठ हलत होते.

घास हळूच परत ठेवला. बोलणं बरंच साठलेलं दिसतंय.