लाल सुताचं बूच

४ डिसेंबर, बुधवार

नाही म्हणजे नाही, बापूजी. शामलाबाईच्या दारात मी जाणार नाही. बाप असून तेल्हाऱ्याच्या स्टँडवर चार माणसांसमोर तुम्ही बोलले की ऋष्या, त्या बाईले एक डाव खरं सांग, मंग कुठं जायचं तिकडं जाय. मी अकोल्याची बस धरली. आता ऐका. खरं काय ते पोलिसांच्या कागदावर आहे. बाईंनी गिझरचं बटण चालू ठेवलं, टाकी फुटली, त्यांची पोरगी नूपुर भाजून गेली. मी त्याच्या महिनाभर आधी फक्त लीकेज काढायला गेलो होतो. यात माझी काय चूक, सांगा बरं, असं विचारलं तर तुम्ही परत तेच सुरू कराल. सिम मोडून फेकलं, म्हणून हे भांडण खिशातल्या डायरीत.

बाकी नागपूर झकास आहे. थंडी अशी की हातातला पाना बर्फ वाटतो. सकाळी तर्री पोहे हाणले, डोळ्यांतून पाणी आलं, अजून एक प्लेट घेतली. मानेवाड्याला वसंतभाऊंचं गिझर दुरुस्तीचं दुकान आहे. दहा मिनिटांत पाणी तापवायचं एलिमेंट काढून दाखवलं आणि त्यांनी मला ठेवून घेतलं. अधिवेशन येऊन राहिलं, सगळ्या लॉजवाल्यांना गरम पाणी पाहिजे, काम उतू चाललंय. माझं लाल सूत पाहून भाऊ हसले. नळाच्या जोडाला टेप पुरत नाही तिथे मी आईने दिलेल्या देवाच्या सुताचे तीन वेढे देतो, गाठ डावीकडे. भाऊ म्हणे, नळ बसवून राहिला का सत्यनारायण घालून राहिला गा?

खोलीही त्यांनीच मिळवून दिली, हुडकेश्वरला, रंभाबाईंच्या मागच्या अंगणात. भाडं नाही, घरातली दुरुस्ती करायची. सत्तरीची बाई, एकटी, जीभ मात्र विळ्यासारखी. पाणी विचारायच्या आधी न्हाणीघर दाखवलं. गिझर टपकून राहिला. खालची बादली अर्धी भरलेली.

७ डिसेंबर, शनिवार

आज सुट्टी, म्हणून गिझर धरला. बटण बंद केलं, टाकी कोरडी पुसली, सगळ्या जोडांना वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले. कागद जिथे आधी भिजेल तिथे गळती, ही माझी स्वतःची युक्ती. थंड पाण्याचा जोड कोरडा. गरम पाण्याचा कोरडा. एलिमेंटची चकती कोरडी. भिजला तो सेफ्टी वॉल्वचा कागद.

बाईंना समजावून सांगितलं. टाकीत दाब वाढला की हा वॉल्व थोडं पाणी सोडतो, म्हणून टाकी फुटत नाही. गरम होताना टपकणं हे त्याचं कामच आहे. पण तुमचा पाणी थंड असतानाही गळतो, म्हणजे गेला. नवा साडेचारशेचा.

त्या म्हणाल्या, जुना माह्या हातात दे आन नवा माह्या डोळ्यांपुढं बसव. मिस्त्री लोक पैसे नव्याचे घेतात आन टाकतात कायबी. मग माझ्याकडे बघून हसल्या. तुले नाही म्हनत गा, तुयं तोंड काहून उतरलं?

बसवला. त्यांच्या डोळ्यांपुढे. टपटप बंद. बाईंनी चहा दिला. शामलाबाईंनीही दिला होता.

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी बाईंनी हाक मारली. पुन्हा टपटप.

स्टुलावर चढलो. परवाचा वॉल्व जागेवर नाही. तिथे लोखंडी बूच. त्याला लाल सूत, तीन वेढे, गाठ डावीकडे.

बाईंना पाटावरही चढवत नाही, त्या काय बूच बसवणार? सुताची रीळ माझ्या बॅगेत, बॅगेला कुलूप. कुलूप तसंच होतं.

मग बाईंनी विचारलं, न्हाणीत कोनाची पोरगी येते रे? त्या आंघोळीला बसल्या की एकच वाक्य ऐकू येतं म्हणे. आईनं बटण बंद केलं होतं. रडणं नाही, ओरडणं नाही. शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं, हात मागे बांधून. कोनतं बटण गा?

शेजारच्यांचा टीव्ही असेल, म्हणालो.

बूच नाल्यात फेकलं. माझ्या पैशाने दुसरा वॉल्व टाकला.

११ डिसेंबर, बुधवार

पुन्हा बूच. तेच सूत.

आज गिझरची वायर तोडली. पाणी बंद केलं. टाकी रिकामी केली, तळातून दोन तांबे पांढरा खार निघाला. आत बोट घालून पाहिलं, कोरडं.

तासाभरात बुचाखालून थेंब पडला. हातावर घेतला. फोड आला. वर पाहिलं तर लाल दिवा लागलेला. तोडलेली वायर माझ्या दुसऱ्या हातात होती, बापूजी.

तुम्हाला खरं पाहिजे होतं ना, घ्या. शामलाबाईंकडून वॉल्वचे साडेचारशे घेतले आणि वीस रुपयांचं बूच ठोकलं. टपटप थांबली. बाई खूश. नूपुरने माझं स्टूल धरून ठेवलं होतं, काका पडाल म्हणे. पण बटण तिच्या आईचं. तेवढं तर खरं राहू द्या.

१२ डिसेंबर, गुरुवार

रंभाबाई कामठीला गेल्या, लेकीकडे. गिझर पार बंद होईपर्यंत येत नाही म्हणाल्या.

जाताना सांगितलं की आज पोरीचं वाक्य बदललं. काकानं दाबलं, म्हणते. कोनता काका, विचारलं तर परत तेच म्हणते.

ऑटोत बसल्यावर माझ्या बोटाच्या फोडाकडे पाहिलं. म्हणाल्या, त्या लेकराले काय पायजे ते देऊन टाक, मंग किल्ली शेजारी ठेव. असं म्हणाल्या जसं काही दुधाची पिशवी घ्यायला सांगून राहिल्या.

वसंतभाऊंना विचारलं, दुकानात झोपू का. म्हणे, भूत हाय का बे तिकडं? सगळे हसले. मीही हसलो.

१४ डिसेंबर, शनिवार, सकाळी दहा

पान्यांची पिशवी न्हाणीत राहिली होती. घेतो आणि निघतो, एवढंच ठरवलं. दार मागे लागलं. फुगलंय. खांद्याने मारलं — नाही.

ओरडलो. शेजारी कोणी नाही.

टाकी रिकामी आहे. मी स्वतः केली. आत पाणी खदखदतंय.

सव्वादहा

बूच फिरत नाही. पाना घसरतो. सूत गरम, ओलं. तळहाताची सालटी त्याला चिकटून राहिली —

टाकीचा पत्रा वाजतो. कर्र. मग थांबतो. मग कर्र.

ती आली. दिसत नाही. स्टूल हलत नाही, कोणी धरून ठेवलंय.

काकानं दाबलं.

काकानं दाबलं.

साडेदहा

हो.

टाकी फुटली त्या दिवशी मी शामलाबाईंकडे पोचलो तेव्हा बटण बंद होतं. नूपुरला दवाखान्यात नेलं होतं, शामलाबाई अंगणात पडलेल्या. आत मी एकटा. बूच काढून खिशात घातलं. बटण दाबलं, चालू दिसावं म्हणून. एका बोटाने. मग पंचांना बोलावून दाखवलं. बाई आठ महिने त्या बोटाकडे — स्वतःच्या बोटाकडे पाहून राहिल्या. ते बोट विळीवर धरलं होतं म्हणतात. जिवंत आहेत.

लिहिलं आणि पत्रा थांबला. खरंच थांबला. थेंबही नाही. दार बोटभर सरकलं, अंगणातलं ऊन दिसतं.

ती म्हणते, आता आईला सांग. डायरी दाराखालून टाक. बस एवढंच. मागत दुसरं काही नाही.

बापूजी, शामलाबाईंना सांगा की बटण त्यांनी

बापूजी, शामलाबाईंना सांगा

तेवीस वर्षांचा आहे मी. किती वर्षं देतील? आणि पोरगी काही परत — नाही येत. मग काय उपयोग. तुम्हीच सांगा.

वरचं खोडतो. पेन चालत नाही वाफेने, पण खोडतो. ‘हो’ लिहिलं ते खोडलं. बोटाचं खोडलं.

दार लागलं.

कर्र —

ऐक ना पोरी. ऐक. मी स्टुलावरून —

बापूजी, बाईंना काही सांगू नका. वॉल्वचे पैसे तेवढे परत द्या. डायरीत नोटा घालून दाराखालून सरकवतो, कोणीतरी पाठवेल. एक पैसा ठेवत नाही. पाठवून राहिलो, मोजून घ्या, रुपये साडेचार—