इतवारी गाडीनं येते

बा, तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि मला आज एका जागी बसवत नाही, तेव्हा हे लिहिणं दोन्ही बाजूंनी वेडेपणाचंच आहे. सकाळपासून तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. एकदा दूध पाहून आले, ते केव्हाच तापवून झाकलेलं होतं. एकदा उगाच अंगणात जाऊन भाच्याची नवी मोटार पाहून आले. तिला काय पाहायचं? काल दिवसभर पाहिलीच होती. त्यानं घरातल्या सगळ्यांना तिच्यातून चक्कर मारून आणली, आणि उतरताना मला म्हणाला, "आत्या, तू येवढी नर्स झाली, येकटीनं वॉर्डच्या वॉर्ड सांभायले, मंग मोटार चालवाले काऊन नाई शिकली?" मी म्हटलं, माझे डोळे अधू होते. याआधी कोणाला सांगितलं होतं, नवऱ्याला आवडत नव्हतं. त्या बिचाऱ्यानं तर जन्मात मला कशाला नाही म्हटलं नाही. एका मैत्रिणीला मी चक्क माझे पाय पोचत नाहीत असं सांगितलं होतं. इतकी कारणं ज्याच्याकडे असतात, त्याच्याकडे खरं कारण एकच असतं आणि ते तो सांगत नाही. ते तुला सांगायचं आहे म्हणून ही सगळी उठबस चालली आहे.

मोटारीत मात्र मी जन्मभर बसले. दवाखान्याच्या, सरकारी, शेजाऱ्यांच्या, नातेवाइकांच्या. नेहमी चालवणाऱ्याच्या शेजारी, डाव्या हाताला. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, शेजारी बसणाऱ्याला रस्त्याकडेची माणसं दिसतात. खड्डा आला की माझा पाय खाली काहीतरी दाबू पाहतो, तिथं दाबायला काहीच नसतं, आणि पोरं हसतात. हसू देत.

मी बारा-तेरा वर्षांची आहे. आपण बैलांच्या बंडीतून वाडीतली वांगी आणि मेथी घेऊन पुलगावच्या बाजाराला निघालो आहोत. मागून लष्कराचे ट्रक येतात, दारूगोळ्याच्या डेपोकडे जाणारे, एकामागून एक, रस्त्याची सगळी धूळ आपल्या मेथीवर टाकत. उजव्या अंगाचा तांबडा बैल बुजरा. तू उडी मारून खाली उतरतोस, खांद्यावरचं उपरणं त्याच्या डोळ्यांवर टाकतोस आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणतोस, "काई नाई रे राजा, काई नाई. अंदर मानूसच हाय." शेवटचा ट्रक जाईपर्यंत तेच ते म्हणत राहतोस. मी वरून विचारते, "बा, बैलाले काय समजते?" तू कपाळाचा घाम पुसत म्हणतोस, "त्याले नाई समजत. मले समजते न." तेव्हा मला हे मोठं गमतीचं वाटलं होतं. तू स्वतः त्या ट्रकांना भीत होतास, हे माझ्या डोक्यात यायला वीसेक वर्षं गेली.

मग ती निवडणुकीची जीप. भोंगा लावलेली, गावात तिनं पारापर्यंत तीन फेऱ्या मारल्या आणि त्यातल्या एका फेरीत आम्हा पोरींनाही बसवलं. मी धावत घरी आले आणि दारातूनच ओरडले, "बा, मी गाडीत बसली!" तू विळ्याला धार लावत होतास. मान वर न करता म्हणालास, "गाडी रुयावर चालते. हे मोटार. बैलाची ते बंडी. ज्याचं जे नाव हाय ते म्हन." माझ्या उत्साहावर पार पाणी पडलं. मी रागानं जेवले नाही, आणि आईनं तुला बोल लावला. पण आपल्या घरात ते कायमचं ठरून गेलं. गाडी म्हणजे आगगाडी. पुलगावच्या टेशनातून दिसते ती. दुसरी कोणतीही नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले आणि माझी जीभ सहा महिन्यांत बदलली. आमच्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. त्यांची फिकट निळी मोटार होती आणि ती त्या स्वतः चालवत. पातळाचा पदर कमरेला खोचून, चष्मा नाकावर सारून बाई निघाल्या की टांगेवाले टांगे बाजूला घेऊन बघत बसत. बाई तिला गाडी म्हणत. गाडी काढते, गाडी पुसली का गं, गाडीत पिशवी राहिली. मीही म्हणू लागले. एकदा त्यांनी मला दवाखान्यामागच्या मैदानात स्टिअरिंगच्या चाकापुढे बसवलं. बा, मी ती मोटार चालवली आहे! मैदानाच्या पार त्या टोकाच्या निंबापर्यंत. तिथं ती गचके खाऊन बंद पडली, पण तिथवर ती माझ्या हातानं गेली. बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. पावसाळ्याआधी रस्त्यावर काढू." दिवसभर माझ्या हातांना ते चाक जाणवत होतं. पेशंटला औषध देताना, पट्टी बांधतानासुद्धा. आपल्या दारात एक दिवस मोटार घेऊन यायचं आणि तुला शेजारी बसवायचं, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाई म्हणाल्या, रविवारी मोकळी आहे, तुझ्या गावाला जाऊ, तुमची बागाईत तरी बघते. बागाईत हा शब्द माझा. तो खोटा नव्हता. विहीर होती, मोट होती, वांगी होती. पण तो ऐकून बाईंच्या डोळ्यांसमोर ओसरीवर तक्क्याला टेकून बसलेले, पायात वहाणा असलेले कोणी वडील उभे राहिले. हे मला कळत होतं आणि मी ते पुसलं नाही. चारचौघींत त्या माझी ओळख बागाईतदाराची मुलगी अशी करून देत, आणि मी खाली बघत असे. मी तुला कार्ड टाकलं: इतवारी गाडीनं येते, सोबत डॉक्टरीणबाई आहेत.

ते कार्ड मास्तरांनी तुला शाळेच्या पायरीवर वाचून दाखवलं. तू म्हणे दोनदा वाचून घेतलंस. पुढचं सगळं मला आईनं सांगितलं. इतवारी तू उजाडताच बैलांना धुतलंस. पोळ्याला काढायच्या झुली चैत्रातच काढल्यास, शिंगांना रंग दिलास, गळ्यात घुंगरमाळा बांधल्यास. बंडीत नवी सतरंजी अंथरलीस. मामाच्या लग्नातला काळा कोट धोतरावर चढवलास आणि डॉक्टरीणबाईंना मानानं घरी आणायला चार कोस पुलगावच्या टेशनात गेलास. कार्डात गाडी लिहिलं होतं ना.

आणि आम्ही मोटारीनं दारात. आई कणकेचे हात घेऊन बाहेर आली. "बापा! हे काय वं बाई! तू मोटारीनं आली? तुहा बा तं तुले घ्याले टेशनात गेला!" बाईंना तिचं भरभर बोलणं उमगलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वडील बाजाराला गेलेत. बाई वाडीत हिंडल्या, वांगी हातात घेऊन पाहिली, पुरणाची पोळी तुपात बुडवून खाल्ली, माझ्या धाकट्या भावाला मोटारीचा भोंगा वाजवू दिला. आई त्यांच्यासमोर नुसती वाढत राहिली. संध्याकाळी बाईंना दवाखान्यात हजर व्हायचं होतं. मी उठले तशी आईनं मला चुलीजवळ ओढलं. "थांब न वं जरा. येईनच तो. तुले पायल्याबिगर त्याच्या घशाखाली घास जाईन का?" मी म्हटलं, "मी पोयाले येईन म्हना त्याले. चांगली चार दिवस राह्याले." आम्ही निघालो.

तू दिवेलागणीला परतलास. अंगणात बैल सोडता सोडता म्हणालास, "गाड्या तं समद्या आल्या. पोट्टीच नाई आली." आईनं सांगितल्यावर तू पोट धरून हसलास म्हणे. "मंग मास्तरानं मोटार वाचाले पायजे होतं न!" मोटारीच्या चाकांच्या खुणा अंगणात उमटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तू आईला तिथं झाडू मारू दिला नाहीस. येईल त्याला दाखवत होतास, "माही पोरगी आलती. डाक्टरीनबाई घेऊन आलती." हे मला आईनं तू गेल्यावर सांगितलं. पोळ्याच्या आठ दिवस आधी तुला ताप भरला. तार मिळाल्यावर मी मिळेल त्या मोटारीनं निघाले, पण मी पोचेपर्यंत लोक नदीवरून परतले होते. म्हणजे तो इतवारच आपल्या भेटीचा शेवटचा दिवस होता, आणि आपली भेट झाली नाही.

त्या दिवसाचा घरात किस्सा झाला. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला धाकटा तो सांगतो. बा टेशनात, बाई घरात, आणि समदा घोटाळा एका शब्दाचा. तो तुझी चाल करून दाखवतो, तुझा कोट दाखवतो. माणसं हसून हसून डोळे पुसतात. काल चक्कर मारून आल्यावर त्यानं भाच्याच्या पोरांना तो पुन्हा सांगितला. मीही हसले, नेहमीसारखी, आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. शब्दानं काहीही केलं नव्हतं, बा. एवढं लिहायला मला सबंध जन्म लागला, आणि आताही एका जागी बसवत नाही. थोडं पाणी पिऊन येते.

त्या दिवशी गावाकडे येताना पुलगावचं रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. वर्ध्याकडची पॅसेंजर येत होती, तू वाट पाहत होतास तीच. बाईंनी मोटार फाटकापाशी उभी करून इंजिन बंद केलं. टेशनाच्या तारेच्या कुंपणापलीकडे, झाडाखाली, आपली बंडी होती. झुली, घुंगरमाळा, सगळं. मी बैलांना आधी ओळखलं, मग कोट ओळखला. गाडी थांबली तसा तू डब्याडब्याशी धावत होतास. बायकांच्या डब्यापाशी टाचा उंचावून आत पाहिलंस. एका लुगड्यातल्या बाईला काहीतरी विचारलंस, तिनं मान हलवली. पुढच्या डब्याकडे गेलास. भर उन्हात काळा कोट, पाय उघडे. हाक मारली असती तर पोचली असती, इतकं ते जवळ होतं.

मी मनात म्हटलं, आता नको. घरी भेटेलच. तोवर कोट काढलेला असेल, हातपाय धुतलेले असतील, मग बाईंना पायरीवर बसवून नीट ओळख करून देईन. दोन-तीन तासांचा तर प्रश्न. असा हिशेब मी डोळे उघडे ठेवून केला. परतताना बाई म्हणाल्या, त्या फाटकात पुन्हा अडकायला नको, दुसरा रस्ता आहे का. मी ताबडतोब सांगितला. इतका ताबडतोब की मीच दचकले.

पावसाळ्याआधी बाईंनी दोनदा मैदानात बोलावलं. मी कधी डोकं दुखतं म्हटलं, कधी ड्यूटी आहे म्हटलं. मग त्यांनी बोलावणं सोडलं. चाकापुढे जो बसतो त्याला कोणीतरी विचारू शकतं, तू थांबवली का नाहीस. शेजारी बसणाऱ्याला म्हणता येतं, माझ्या हातात काय होतं? हे वाक्य हाताशी राहावं म्हणून मी मोटार शिकले नाही, डोळे आणि पाय सगळी थाप. आणि ते वाक्य तरी कुठं कामाला आलं? मोटार थांबवायची नव्हतीच. ती उभीच होती. मला फक्त दार उघडायचं होतं.

हे पत्र मी भाच्याला दाखवणार नाही, धाकट्याला तर नाहीच. त्यांच्याकडे तुझा हसरा किस्सा आहे, तो त्यांच्याकडे राहू दे. पण एक गोष्ट अजून राहिली आहे, ती लिहिल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून या वेळी बसले आहे. फाटक उघडायच्या आधी बाईंचंही लक्ष तिकडे गेलं होतं. त्या कौतुकानं म्हणाल्या, "बैल किती सुरेख सजवलेत बघ. आणि काळा कोट घालून धावतोय तो म्हातारा, कोणाला शोधतोय गं एवढा? तुमच्याच भागातला दिसतो. ओळखीचा आहे का?"

मी माझ्या बाजूची काच वर केली आणि म्हटलं, "नाही, बाई."