माझ्या गालावरचे जंतू

धुळे, शुक्रवार संध्याकाळ, १९३७

डॉक्टरांनी सांगितलं काय आणि आमच्या नानांनी ऐकलं काय! माझ्या गालावरच्या मुरुमातला पू काचेवर घेऊन डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिला. म्हणाले, "जंतू आहेत. पण ते सगळ्यांच्याच कातडीवर असतात, तुमच्याही. या वयात काहींनाच त्यांचा एवढा त्रास का होतो, हे आम्हांलाही नीट कळलेलं नाही. खात्रीचं औषध नाही." नानांनी त्यातला 'जंतू' तेवढा घरी आणला.

तेव्हापासून माझा पंचा वेगळ्या खुंटीवर. आई म्हणते, "नहीं ते बठ्ठासले लागी जाई." घरात सगळ्यांनाच लागण होईल, ही तिची धास्ती. धाकटी कुसुम माझ्याशेजारी झोपायची, तिचं अंथरूण आईजवळ गेलं. मी बेसन, लिंबू, गंधक सगळं चोळलं. कातडी सोलून निघाली, मुरुम आहेत तिथेच. पंचा रोज उकळते, तरी त्याला कोणी हात लावत नाही. सगळ्यांच्या कातडीवर असतात, तर मग एकट्या माझाच पंचा का?

आज एरंडोलच्या पाहुण्यांचा निरोप आला, रविवारी मुलगी बघायला येताहेत. मी हिरवं लुगडं काढून ठेवलं. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुसुमला दाखवू."

"आणि मी?"

"तू बरी झालीस की बघू."

बरी कशी होणार? औषधच नाही ना... भांडलेसुद्धा नाही मी.

मघाशी कुसुम रडत आली. "अक्का, मी नाही म्हणून सांगू का?" तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, आणि मनात आलं, हिला लागलं तर? मीच मागे सरले.