ओवी पेणला आली

१५ जून, रविवार
ओवीला रोह्याहून आणलं. उद्या शाळा सुरू, म्हणजे आता कायमची. ताईने तिचे कपडे इस्त्री करून पिशवीत भरले होते, मोजेसुद्धा. स्टँडवर सोडायला फक्त भावोजी. ताई का नाही आली विचारलं तर म्हणाले, "तिचं डोकं दुखतंय." मी पुढे विचारलं नाही.
नऊ महिन्यांची असल्यापासून पोर ताईकडे. माझी हॉस्पिटलची ड्युटी, सुनीलची डोलवीला कंपनीत शिफ्ट, पेणला सांभाळायला कोणी नाही. ताईला मूलबाळ नाही. तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. आम्ही रविवारी जायचो, संध्याकाळी परत.
गाडीत सारखं विचारत होती, परत कधी जायचं. बघू, म्हटलं.

१६ जून, सोमवार
शाळेच्या दारात नुसता आकांत. एक मुलगा आईची ओढणी सोडेना. एकीने चप्पल फेकली. ओवी रडली नाही. बाईंचं बोट धरलं, मागे वळून हात हलवला. "ये हां परत."
बाई म्हणाल्या, किती शहाणी आहे हो तुमची!
शहाणी कसली. रविवारी संध्याकाळी ताईच्या दारातून असाच हात हलवते. हेच शब्द. आई म्हणजे जाणारी बाई, हे तिला पाठ आहे.
वॉर्डात दोनदा चुकीच्या खोलीत शिरले.

१८ जून, बुधवार
दमले. सु. सेकंड शिफ्टला. दुपारी तो तिला शाळेतून आणतो, शेजारच्या शबानाभाभींकडे ठेवून कंपनीत जातो, मी आले की घेते. भाभी काही बोलत नाहीत, पण किती दिवस…
ताईचा फोन. "काय खाल्लंन गो तिनं?" पोळीभाजी, सगळं संपवलं, म्हटलं. खोटं. डबा जसाच्या तसा परत आला होता.
ताईसारखी भाकरी हवी म्हणते. केली. थापतानाच मोडली. ओवीने बघितलं आणि "नाय" म्हणाली. मी हात उगारला. मारलं नाही. पण उगारला.

२० जून, शुक्रवार
बाईंनी थांबवलं. "ओवीला मोठी बहीण आहे का?" नाही म्हटलं. वर्गात विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. ओवीने सांगितलं, ताई, काका आणि मनी मांजर.
"आणि आई?"
"आई रविवारी येते."
मी ताईला ताई म्हणते म्हणून तीही म्हणते, हे बाईंना समजावून सांगितलं. त्या हसल्या. मीही हसले. कोपऱ्यापर्यंत हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

२३ जून, सोमवार
ओवीला सकाळपासून ताप. रजा टाकली, मेट्रन नको ते बोलल्या. वॉर्डात दुसऱ्यांची पोरं फणफणत असली तरी माझं काम अडत नाही. आज पाण्याची पट्टी धड पिळता येईना. तापात ताई ताई करत होती. शेवटी मीच फोन लावला.
ताई मिळेल त्या गाडीने आली. पदरात घेतलं, ओवी तिच्या हातून पेज प्यायली. मी स्वयंपाकघरात जरा टेकले तर अशी गाढ झोप लागली की उठल्यावर लाज वाटली.

२५ जून, बुधवार
ताप उतरला. ताई गेली. ओवीने इतका गळा काढला की अख्खी बिल्डिंग जिन्यात आली. मी उचलली तर मुठींनी मारायला लागली. "तू जा! तू जा!"
सु. म्हणाला, "राहू दे तिला रोह्यालाच. तिकडेपण बालवाडी हाय. पुढच्या वर्षी बघू. तोंड बघ आरशात तुझं."
भांडले. मग वाटलं, बरोबर बोलतोय. मग अजून भांडले.

२८ जून, शनिवार
ठरलं. उद्या ओवीला रोह्याला नेऊन तिथेच ठेवायची. ताईला आधी कळवलं नाही, समोर बसून सांगेन. ठरल्यावर अंग हलकं झालं. हे कुठे बोलता येणार नाही.

२९ जून, रविवार
जेवणं झाली. ओवी मागच्या दारी मांजरामागे. मी आणि ताई भांडी घासत होतो. आता बोलू म्हणून तोंड उघडणार, तर ताईच बोलली.
"तिला आता थोडे दिवस आणू नको गो इकडं."
"का?"
"परवा जेवायला हाक मारली तिला. ती नाय, हेच विसरले. हे माझ्याकडं बघत रायले नुसते." घासलेलं ताट तिने परत घासायला घेतलं. "परत परत सोडायचं मला नाय जमायचं. तिलापण नाय. लागू दे तुझी सवय एकदा."
मी ताट तिच्या हातातून घेऊन विसळलं. ओवीचे कपडे पिशवीतून काढलेच नाहीत.
संध्याकाळची गाडी. नागोठण्यापर्यंत ओवी मांडीवर झोपली होती. तिथे जागी झाली.
"कुठं चाल्लो?"
"पेणला." घरी म्हणायला जीभ वळली नाही.
खिडकीतून बघत राहिली. मग माझ्याकडे वळून, "तू पण?"
"मी पण."
सु. स्टँडवर एकट्या बायकोला घ्यायला आला होता. दोघी उतरताना बघितल्या. "काय ठरलं?"
मी पिशवी त्याच्या हातात दिली.