जिनं थापली तिची भाकरी

कोहिनूर, ४ फेब्रुवारी २०२४

चि. धनलक्ष्मीस म्हाळसाअक्काचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर बोललं की भाकरी केंद्रातल्या सगळ्या बाया कान देऊन बसत्यात, म्हणून लिहायलेय. पुढच्या महिन्यातल्या लग्नाची कडक भाकऱ्यांची मोठी ऑर्डर हाय. बायांना पगारावर काहीतरी द्यावं म्हणते. तुझे दाजी म्हणत्यात बोनस दे, हिशेब बघणारा सुनीलकुमार म्हणतो इन्सेंटिव्ह. दोन्ही पैशेच की! मग दोन नावं कामून? इंजिनियरबाईवानी न्हाई, भैणीवानी सांग. अन् जेवत जा.

तुझी अक्का

हुमनाबाद, ९ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

जेवते. बोनस काम झाल्यावर देतात: वर्ष बरं गेलं, हे घ्या. इन्सेंटिव्ह आधी कबूल करतात: एवढं केलंत, तर एवढं मिळेल. बोनसने माणूस खूश होतो, इन्सेंटिव्हने त्याची काम करायची रीत बदलते. ऑर्डर वेळेत हवी असेल तर इन्सेंटिव्ह दे. पण काय मोजणार ते आधी ठरव. मोजशील तेच वाढेल. कसं झालं ते जरूर कळव, मला उत्सुकता आहे.

धनलक्ष्मी

कोहिनूर, १८ फेब्रुवारी

चि. धनलक्ष्मीस आशीर्वाद.

वाढलं बाई! आपल्याकडं जिनं थापली तिची भाकरी. म्हणून शेकड्यामागं थापणारीला पैशे लावले. गीताबाई थापते, निलम्मा भाजते. गीताबाईनं असा सपाटा लावला की निलम्माचा तवा पुरंना. निम्म्या भाकऱ्या मऊ राहिल्या, त्यांना बुरशी धरली. मी निलम्मालाच बोलले. ती म्हणाली, जिची भाकरी तिनंच भाजावी, अन् घरी गेली. आता कामाला येईना. तिच्याबिगर ऑर्डर जात न्हाई, अन् ही ऑर्डर हातची गेली तर पुढं कोण देतंय? हुशारबाई, सांग आता.

अक्का

हुमनाबाद, २१ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

थापलेली मोजू नकोस, कडक झालेली मोज, आणि पैसे दोघींच्या जोडीला मिळून दे. निलम्माची मनधरणी करायला बोनस नेऊ नकोस. तो बोनस नव्हे, लाच होईल. नुसती जा. ती काय म्हणते, ते तिच्याच शब्दांत लिही.

धनलक्ष्मी

कोहिनूर, ५ मार्च

चि. धनलक्ष्मीस आशीर्वाद.

गेले. निलम्मा म्हणाली, पैशाचं मागनं बघू, आधी गीताबाईला एक दिवस तव्यापुढं बसवा. बसवलं. दुपारपतूर गीताबाईची बोटं पोळली, डोळे लाल झाले. मग तीच म्हणाली, जोडीलाच द्या अक्का. निलम्मा दुसऱ्या दिवशी आली. येताना गीताबाईच्या बोटांना लावायला कोरफड आणली, अन् वर टोमणेबी मारले.

ऑर्डर वेळेत गेली. लग्नघरचा निरोप आला, एकबी भाकरी मऊ न्हाई. ठरलेला इन्सेंटिव्ह त्याच दिवशी वाटला. काल, कुणी मागितलं नसताना, सगळ्यांना सारखा बोनस दिला.

तू इचारतेस म्हणून सांगते. इन्सेंटिव्ह निलम्मानं दोनदा मोजून घेतला. बोनस तिनं न मोजताच पदराला बांधला.

तुझ्यावर माया हायच, तिला बोनसबी लागत न्हाई अन् इन्सेंटिव्हबी.

तुझी अक्का